शेकरू बघायचंय? मग भीमाशंकर चढू नका, उतरा

कर्जतकडच्या खांडसहून भीमाशंकर मी पहिल्यांदा चढले तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी ती भलीमोठी खार, पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्रेचाळीस. मधल्या बावीस वर्षांत नऊ खेपा झाल्या. दर खेपेला तीच वाट, तोच घाम. शेकरू म्हणाल तर फक्त वनखात्याच्या पाटीवर रंगवलेलं.

दहाव्या खेपेला माझ्या थोरल्या वन्सं होत्या. त्यांना दर्शनाशी मतलब. त्या पुण्याहून एसटीने वर आल्या, मी खांडसहून चढून गेले आणि रात्री दोघी वरच राहिलो. सकाळी म्हणाल्या, तू त्या जंगलाचं एवढं सांगतेस, चल, थोडी खाली येते तुझ्याबरोबर. दहा मिनिटं उतरल्या आणि गुडघा धरून एका दगडावर बसल्या. मी पुढे उभी, मनातून चिडलेली. मला नऊच्या आत कड्याच्या मधल्या सपाटीवर पोचायचं होतं. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "अगं, वर कोणी शेंगा सोलत बसलंय का?" त्यांच्या डोक्यावरच्या पदरावर सालपटं पडत होती. वारा अजिबात नव्हता. मान वर केली तर फांदीवरून हातभर लांब झुपकेदार शेपटी लोंबत होती, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला शेकरू निवांत नाश्ता करत होतं.

त्या दिवसापासून मी माझा सगळा कार्यक्रम उलटा केला. वर कसंही जा, पण जंगल बघायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, उतरताना. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिते आहे.

हिशेब असा आहे

मुंबईकडचा माणूस पहिली लोकल पकडून कर्जतला उतरतो, वाहन शोधत आठच्या सुमाराला खांडसला पोचतो. गणेश घाटाने रमतगमत चढला तर अकरापर्यंत पदरावर येतो. पदर म्हणजे कड्याच्या मध्यावरची सपाटी. सह्याद्रीत अशा टप्प्यांना पदरच म्हणतात, आणि लांबून बघितलं तर डोंगराने खरंच पदर घेतल्यासारखा दिसतो. खरं दाट जंगल लागतं ते या पदराच्या वर, शेवटच्या चढाला. तिथे तुम्ही पोचता बारा-साडेबाराला. शेकरू सकाळी खातं, संध्याकाळी खातं, आणि भर दुपारी फांदीवर पोट टेकून पाय दोन्हीकडे सोडून झोपतं. म्हणजे आपण बरोबर त्याच्या झोपेच्या वेळी त्याच्या दारात जातो, तेही धापा टाकत आणि पायाखाली बघत.

दुसरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. चढताना तोंड डोंगराकडे असतं आणि झाडांचे शेंडे डोक्याच्या कितीतरी वर. मान मोडेस्तोवर बघितलं तरी पानांची खालची बाजू तेवढी दिसते. उतरताना तोंड दरीकडे असतं. उतारावर खाली उगवलेल्या झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. शेकरू राहतं शेंड्यात, जमिनीवर क्वचितच येतं. तेव्हा उतरताना तुम्ही त्याच्या मजल्यावर उभे असता.

दिवस कोणता

पावसाळ्यात शनिवार-रविवारी ही वाट म्हणजे जत्रा असते. कोणाच्या तरी पाठीवर स्पीकर असतोच. श्रावणात आणि महाशिवरात्रीला वर पाय ठेवायला जागा नसते. सोमवारही टाळा. मी जाते मंगळवार ते गुरुवार, डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, शिवरात्रीचा आठवडा सोडून. पानगळ सुरू झाली की खालच्या उतारांवर घरटीही सोपी दिसतात. एप्रिल-मेमध्ये गणेश घाटाच्या उघड्या टप्प्यांवर ऊन अक्षरशः भाजतं. पण करवंदं आणि जांभळं त्याच दिवसांत, त्यामुळे मोह होतो हे कबूल करते. पावसाच्या तोंडावर काजवे दिसतात, आणि भर पावसाळ्यात कुजक्या लाकडांवर रात्री हिरवट उजेड देणारी बुरशीही या जंगलात उगवते. पण तेवढ्यासाठी रात्री बॅटरी घेऊन रानात शिरू नका. हे अभयारण्य आहे, १९८५ साली घोषित झालेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, आणि पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. रात्री त्यात बिबट्या फिरतो, आपलं काम नसतं. कोणती वाट चालू आहे, कोणती बंद, हे निघण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या. पावसाळ्यात धोक्याच्या वाटांवर बंदीचे हुकूम निघतात, आणि ते उगाच निघत नाहीत.

वर जायचं कसं

पाय धड असतील तर खांडसहून चढा. कर्जतहून कशेळे आणि कशेळ्याहून खांडस, सगळं मिळून तीसेक किलोमीटर. एसटीच्या वेळेवर भरवसा ठेवू नये, कशेळ्यापर्यंत टमटम मिळते. खांडसच्या पुढे पुलाजवळ रस्ता फुटतो. डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. शिडी घाट कमी वेळाचा आणि उभा, कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. तरुणपणी मी दोनदा गेले आहे. आता जात नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यालाही सांगणार नाही. ओल्या दिवसांत तर नाहीच. गणेश घाट लांबचा, पण बैलाच्या चालीने चढत जाता येतो. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं आणि मग बराच वेळ पदरगडाचे सुळके तुमच्या बाजूने चालत राहतात. पदरावर दोन्ही घाट एकत्र येतात. पहिल्यांदा जात असाल तर खांडसमधला वाटाड्या घ्या. गणेश घाट चुकत नाही, पण पदरावर गुरांच्या वाटा इतक्या आहेत की मी एकदा पाऊण तास एका म्हशीच्या मागे चालत गेले होते. शेवटी ती डबक्यात बसली.

पायांचा भरवसा नसेल तर वन्संसारखं करा. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे या वाटेने एसटी थेट वर जाते. त्यात कमीपणा नाही. उतरणं तसंही पाच-सहा तासांचं आहे, ताकद त्यासाठी राखा.

मुक्कामाची खोली आधी फोनवर ठरवा. वर लॉज आहेत, धर्मशाळा आहेत, गाद्यांकडे फार निरखून बघू नका. संध्याकाळी देवळात जाऊन या. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथून आणलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा तिथे टांगलेली आहे. मग उजेड असेपर्यंत जंगलातल्या गुप्त भीमाशंकर या ठिकाणाच्या वाटेने थोडं आत चला. ही रंगीत तालीम समजा. शेकरू दिसेलच असं नाही, पण डोळ्यांना घरटं ओळखायची सवय लागते, आणि सकाळी तीच कामाला येते.

आधी घरटं, मग शेकरू

शेकरूचं घरटं म्हणजे डहाळ्या आणि पानांचा गोल गठ्ठा, लहान घागरीएवढा, झाडाच्या वरच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात. कावळ्याचं घरटं काटक्यांचं, वरून उघडं, ताटलीसारखं असतं. शेकरूचं बंद असतं आणि त्यात पानं कोंबलेली असतात. बारीक फांदीवर बांधायचं कारण सरळ आहे, वजनदार शत्रू तिथवर येऊ शकत नाही. बहुतेक घरटी अशा जागी असतात जिथे दोन-तीन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतात, म्हणजे पळायला रस्ते अनेक. मधे अंतर पडलं तरी अडत नाही, सहा मीटरपर्यंतची उडी ते सहज मारतं. म्हणून पुष्कळ लोक त्याला उडती खार म्हणतात. ते चूक आहे. उडती खार वेगळी, तिच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो आणि ती रात्री हिंडते. शेकरू दिवसाचं जनावर, आणि आपल्या राज्याचा राज्यप्राणी.

एक घरटं दिसलं म्हणून लगेच खाली बैठक मारू नका. एकाच शेकरूची अनेक घरटी असतात. कोणत्या घरट्यात हिरवी, ताजी पानं आहेत ते बघा. वाळक्या पानांचा तपकिरी गोळा बहुतेक सोडून दिलेला असतो. ताजं घरटं सापडलं की आजूबाजूला फळाला आलेलं झाड शोधा, उंबर असो, जांभूळ असो, हिरडा असो. बसायची जागा त्या झाडाच्या समोर. घरट्याच्या खाली मुळीच नाही, एखादी आई पिलं घेऊन आत असू शकते.

सकाळ

फेब्रुवारीत सात-सव्वासातला सूर्य वर येतो. मी पावणेसातला खोली सोडते. चहा आदल्या रात्री थर्मासमध्ये भरून घेतलेला असतो, कारण टपरी उघडायची वाट बघितली की तास गेला. गावात कोणालाही खांडसची वाट विचारा, बोट दाखवतील.

पहिल्या अर्ध्या तासात डोळ्यांना फार काम देऊ नका, कान उघडे ठेवा. सगळ्यात आधी रानकोंबडा आरवतो. गावच्या कोंबड्यापेक्षा त्याचा आवाज तुटक, घोगरा, शेवट मधेच कापल्यासारखा. मग माकडांची घरघर. शेकरूचा आवाज म्हणजे जुन्या सायकलचं फ्रीव्हील जोरात फिरवल्यासारखा खडखडाट, एकसारखा आणि चिडका. पक्ष्याचा वाटतो, मी कित्येक वर्षं पक्ष्याचाच समजत होते. तो ऐकू आला की जागच्या जागी थांबा. त्याने तुम्हाला बघितलेलं आहे. आता ते दोनांपैकी एक करणार, खोडाच्या मागच्या बाजूला जाणार किंवा फांदीला चिकटून दगड होणार. लाल-तपकिरी पाठ पानांत मिसळून जाते. अशा वेळी शेकरू शोधू नका, शेपटी शोधा. अंगापेक्षा शेपटी लांब असते आणि ती लपवायचं त्याला सुचत नाही. सरळ खाली लोंबणारी, वाऱ्याशिवाय हलणारी कुठलीही गोष्ट तपासून बघा. दहातली सात वेळा ती वेल निघते. इथे गारंबीचे वेल मांडीएवढे जाड असतात आणि फसवायला पुरेसे आहेत.

आणि बसा. दर पंधरा-वीस मिनिटांच्या चालीनंतर वीस मिनिटं बसायचं, घड्याळ लावून. सुरुवातीला हे फार जड जातं. पाचव्या मिनिटाला पाय शिवशिवतात, आठव्या मिनिटाला फोन काढावासा वाटतो. दहाव्या मिनिटानंतर जंगल तुम्हाला विसरतं. आधी चिमणीएवढे पक्षी परत येतात, मग पाचोळ्यात खुसफुस सुरू होते. सालपटांचा पाऊस कुठे पडतोय का, ते ऐका. एका उतरणीत मी असे सहा थांबे घेते. वरचं जंगल घाईने उतरलं तर तासात संपतं, मला साडेतीन तास लागतात.

वानरांवरही लक्ष ठेवा. ती शांतपणे पाला खात असतील तर सगळं ठीक. एखादं उंच जाऊन खोकल्यासारखा 'खॉक्, खॉक्' करू लागलं आणि बाकीची सगळी एकाच दिशेला बघू लागली, तर खाली बिबट्या असायची शक्यता असते. मला तीस वर्षांत बिबट्या दिसलेला नाही. ठसे दोनदा दिसले, मऊ मातीत, नखांच्या खुणा नसलेले. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, हा सोपा फरक. असा खोकला ऐकला तर एकत्र राहा, आपसांत साध्या आवाजात बोला, वाट सोडू नका. भेकर हे लहान हरीण मात्र कुत्र्यासारखं भुंकतं. दूर रानात कुत्रं कुठून आलं असं वाटलं तर ते भेकर.

पिशवीत काय

दुर्बीण ८ बाय ४२ची पुरते. त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि मान दुखते. नसेल तर अडून बसू नका, माझं पहिलं शेकरू उघड्या डोळ्यांनीच दिसलं होतं. कपडे मातकट रंगाचे आणि सुती. ते नायलॉनचं विंडचीटर बाहीला बाही घासली की सुरसुरतं, ते पिशवीतच ठेवा. खाऊ घरीच कापडी पुरचुंडीत बांधा. कुरकुऱ्यांची पिशवी जंगलात फोडून बघा एकदा, कसा फटाका वाजल्यासारखा आवाज होतो. शिवाय देवळाजवळच्या माकडांना तो आवाज चांगला ओळखता येतो. माझ्याकडे दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, काकडी, गूळ आणि तीन लिटर पाणी असतं. जनावरांना काही घालू नका. शेकरूला शेंगदाणा दाखवून फोटो काढणारे लोक मी बघितले आहेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे.

काठी हवीच, उतारावर तिसरा पाय होतो. पायाची नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकाला धडकत राहतात, मी एकदा अंगठ्याचं नख घालवून शिकले. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. आणि आधारासाठी फांदी धरायच्या आधी ती फांदीच आहे ना, हे बघा. हिरवा चापडा हा साप बांबूवर किंवा झुडपात गुंडाळून तासन् तास पडून असतो. विषारी आहे, पण स्वतःहून मागे लागत नाही. त्याच्यावर हात ठेवायचा नाही, एवढं सांभाळलं की झालं.

पदराच्या खाली

साडेदहाच्या सुमाराला पदरावर आलात की शेकरूचा भाग संपला समजा. इथे विहीर आहे, वस्ती आहे. सांगून ठेवलं असेल तर एखाद्या घरी पिठलं-भाकरी मिळते. पैसे विचारून द्या, घासाघीस करू नका. इथले लोक हिरडा गोळा करून विकतात. अंगणात वाळत घातलेला दिसला तर त्यावरून चालत जाऊ नका.

पदराच्या खाली उतरलं की आकाशाकडे बघायचं. ऊन तापलं की दरीतून हवा चढते आणि सर्पगरुड तिच्यावर बसून गोल गोल घेतो, लांब शीळ घालत. पंखांखाली पांढरा पट्टा दिसला की तोच. पावसाळा संपता संपता आलात तर वाटेवर झाडापासून झाडापर्यंत ताणलेली कोळ्यांची मोठी जाळी लागतील, उन्हात सोनेरी चमकणारी. काठीने तोडू नका, वाकून खालून जा. त्याच दिवसांत काळं-निळं मोठं फुलपाखरू दिसेल, राणी पाकोळी, तेही राज्याचं फुलपाखरू आहे.

गणेश घाटाचा हा भाग मी भरभर उतरते. कारव्या वाळलेल्या, ऊन समोरून, बघण्यासारखं कमी. दोन-अडीच तासांत गणपतीचं देऊळ मागे पडतं आणि डांबरी रस्ता लागतो. इथे सगळे फसतात. दुपारी खांडसहून वाहन मिळेल असं धरून चालू नका आणि फोनलाही रेंज असेल असं धरू नका. चढताना ज्या टमटमवाल्याने सोडलं त्यालाच दुसऱ्या दिवशी दोनला बोलावून ठेवा. एसटीने वर गेला असाल तर आदल्या रात्रीच भीमाशंकरहून फोन करून ठरवा. तो अर्धा तास उशिरा येतो. तेवढ्या वेळात मी बूट काढून सावलीत बसते आणि वहीत लिहून ठेवते, किती वाजता, कोणत्या वळणावर, कोणत्या झाडावर घरटं, पानं हिरवी की वाळकी. मागच्या वर्षी सहा घरटी लिहिली होती. या फेब्रुवारीत त्यातल्या दोन झाडांवर हिरवी पानं होती, आणि तिसऱ्या वळणावरचा उंबर वठून गेला होता.